देव स्वर्गात, बोकड अंगणात

बुहाड
माघाचा दुसरा आठवडा

प्रिय तम्मी,

आधी हे सांगून टाकते की घरी सगळे धडधाकट आहेत. नाहीतर आत्याचं पत्र, तेही कागदावर लिहिलेलं, म्हटल्यावर तू पाकीट फोडायच्या आधीच रडायला बसशील. कुणी गेलेलं नाही. गेलेत ते फक्त देव, दरवर्षीप्रमाणे संक्रांतीला माघ लागताच, स्वर्गातल्या सभेला. आणि ते परत येईपर्यंत दरवर्षीप्रमाणे आपलं अख्खं गाव तोंडावर बोट ठेवून बसलंय. टीव्हीवर चादर पडली, गाईंच्या गळ्यातल्या घंटा खुंटीवर गेल्या, कुऱ्हाड बंद, कुदळ बंद, देवळातली आरतीसुद्धा बंद. काल चुनीलालच्या कुकरची शिट्टी वाजली, तर तो पेटत्या चुलीवरून कुकर उचलून बर्फात पळाला. तुझा बाप देवळाचा कारभार बघणारा कारदार म्हणून गल्लीत उभाच होता, कान टवकारून. चुनीलाल त्याला कुजबुजत म्हणतो, "राजमा होता हो, देवालासुद्धा आवडतो." दादाने नुसती भुवई वर केली. त्या भुवईला आपल्या गावात नोटिशीची किंमत आहे, तुला माहीतच आहे.

फोनवरून निरोप का नाही पाठवला, विचारशील. मनालीतल्या त्या मोबाइलवाल्याने दादाचा फोन दुरुस्त करताना माझ्या फोनला असा काही जोडून ठेवलाय की मी लिहिलेलं सगळं दादाला दिसतं. गेल्या महिन्यात मी तुझ्या आईला निरोप पाठवला की दादाचा स्वयंपाकघरात फार पायरव होतो, तर संध्याकाळी दादा मोजे घालून स्वयंपाकघरात आला. म्हणून कागद. तुमच्या स्कींना मेण लावणारी ती लाहौलची सोनम परवा निघते, तिच्या बॅगेत हे जाईल. कशासाठी लिहितेय ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस, आणि मधलं मी फार मन लावून लिहिणार आहे.

तर बातमी. तुझी शर्यत बघायला आई येणार, हे तुला माहीत आहे. सोबत आत्या येणार, असं तिने तुला सांगितलंय. आत्या इथे गोठ्यात बसून हे पत्र लिहितेय आणि शर्यतीच्या दिवशीही गोठ्यातच असेल. आईसोबत येतोय तो तुझा बाप. पत्र खाली ठेवू नकोस. पाणी पी आणि पुढे वाच.

झालं असं. सफरचंदाची शेवटची पेटी खाली गेली त्या दिवशी आम्ही दोघी चुलीपाशी बसून ठरवत होतो, की तुझ्या त्या इटलीतल्या गावाला (नाव आमच्यापैकी कुणालाच म्हणता येत नाही, गावात सगळे 'तम्मीचं गाव'च म्हणतात) जायचं कसं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तूच म्हणालीस ना, की ही बहुतेक शेवटची शर्यत. मग आई म्हणाली, एकदा तरी डोळ्यांनी बघते. दादा कोपऱ्यात हुक्का ओढत होता. चार वर्षांत त्याच्यासमोर तुझं नाव निघालं की तो उठून गाईला पाणी दाखवायला जातो. आपल्या गाईंइतकं पाणी या खोऱ्यात दुसऱ्या कुठल्याच गाई पीत नाहीत. त्या दिवशी मात्र तो उठला नाही. धूर सोडत म्हणाला, "खिमीला थंडी बाधते."

मला! पन्नास हिवाळे काढलेत मी या बर्फात. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या भावाला माझी थंडी दिसली. मी तोंड उघडणार, एवढ्यात तुझ्या आईने चुलीआडून माझ्या पायावर पाय दिला, आणि मी मोठ्या मनाने खोकले. तेव्हापासून मी खोकतेय. रोज सकाळी दोनदा, संध्याकाळी एकदा, दादाच्या दृष्टीस पडेल अशी. आता माघ लागलाय, तर तेच महाशय मला म्हणतात, "हळू खोक. देव सभेला गेलेत."

अर्थात तो तुझी शर्यत बघायला येत नाहीये. गैरसमज नसावा. तो सफरचंदं बघायला येतोय. त्या बाजूच्या डोंगरांत सफरचंदाच्या मोठ्या बागा आहेत म्हणे. हे त्याने कुठूनसं शोधून काढलं, आणि तेव्हापासून गावभर सांगत सुटलाय, की इटलीवाले कलम कसं करतात ते शिकून येतो. फेब्रुवारीत! कंबरभर बर्फात! चुनीलाल म्हणाला, "कारदारसाहेब, तिथल्या झाडांना तुम्ही येताय हे कळवलंय ना? नाहीतर ती झोपलेली असायची."

मनालीच्या बाजारातला हरीश तुला आठवत असेल, पाहुण्यांना भाड्याचे गमबूट घालून बर्फ दाखवतो तो. हल्ली तो परदेशच्या सहलीही काढतो. आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो. त्याने आधी चहा मागवला, मग म्हणाला, "ताई, तुम्ही बर्फ बघायला परदेशात जाणार? लोक मला पैसे देऊन तुमच्या घरामागचा बर्फ बघायला येतात!" मग त्याने आम्हाला आठ दिवसांत पाच देश, रोज रात्री डाळ-भात, आणि एक वाकडा मनोरा असा कागद दिला. वर तिकडे थंडी फार असते म्हणून भाड्याचे कोटही दाखवले. तुझी आई त्या कोटाचं अस्तर बोटांत धरून बघत राहिली, जसं बाजारात शिळी भेंडी बघतात तसं. दादाने कागद पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "या मनोऱ्यापासून ती शर्यत किती लांब आहे?" मग जीभ चावून म्हणाला, "म्हणजे बागा." हरीश म्हणाला, "पण काका, या दिवसांत फळं नसतात." दादा म्हणाला, "फळं आमच्याकडे आहेत. आम्हाला झाडं बघायचीत." हरीशने मान हलवली. पाहुण्यांना कधी खोडून काढायचं नाही, हा त्याचा धंद्याचा नियम आहे. मनोरा काढून टाकायचा तर दर तोच राहील म्हणाला, म्हणून मनोरा कागदावर ठेवला. तो पुढे बोकडाने खाल्ला. त्याच्याकडे येतेच.

व्हिसासाठी दिल्लीला जायचं ते नेमकं माघ लागल्यावर आलं. आता दिल्लीत मौन पाळायचं की नाही? गावातल्या कुणालाही विचार, म्हणेल, नाही. देवाची हद्द नाल्यापर्यंत. पण तुझा बाप! तो मनालीच्या बसमध्ये बसला तोच ओठ मिटून, असं तुझ्या आईने सांगितलं. तिथे त्या काचेमागे एक गोड मुलगी बसली होती, तिने भोंग्यातून विचारलं, प्रवासाचं कारण काय. दादा काचेला ओठ लावून पुटपुटला, "सफरचंद." ती म्हणाली, जरा मोठ्याने बोला. दादाने चोरासारखं मागे-पुढे बघितलं आणि पुन्हा, "सफरचंद." तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या मुलीचा चेहरा असा झाला, की हा माणूस नक्की काहीतरी भलतं घेऊन चाललाय. तेव्हा तुझ्या आईने, जिने लग्नापासून आजवर त्याच्यापुढे आवाज चढवलेला नाही, त्याला कोपराने बाजूला सारलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमची मुलगी तिकडे बर्फावरून शर्यतीत उतरते. ती बघायला चाललोय. हे तिचे वडील आहेत, म्हणून लाजतायत." काचेमागची मुलगी हसली आणि तिने कागद आत ओढून घेतले. दोघांचे व्हिसा परवा आले. ते सफरचंदांमुळे आलेले नाहीत, एवढं लक्षात ठेव. येताना बसमध्ये तुझी आई म्हणाली, चुकलं का हो माझं? दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आवाज जरा मोठा होता." एवढंच. चुकलं म्हणाला नाही.

आता सामान. आईने तुझ्यासाठी अक्रोड फोडून ठेवलेत, तूप घेतलंय, आणि सिड्डू वाफवून नेता येतील का यावर आमची दोघींची रोज कुजबुजती भांडणं होतात. कुजबुजत भांडणं फार अवघड असतं गं. माणूस निम्म्यात हसतं. दादाने स्वतःची बॅग स्वतः भरली. मी त्याच्या माघारी ती उघडून बघितली. कलम करायचा चाकू नाही. बागेची वही नाही. सणाची टोपी आहे, लाल पट्टीची, जी तो फक्त देवाच्या रथापुढे चालताना घालतो.

बोकड. संक्रांतीला सकाळी देव निघाले आणि दुपारी दादा खालच्या गावातून एक बोकड घेऊन आला. काळा आहे, एक कान पांढरा, आणि तोंडावर असा भाव की जणू तोच घराचा मालक आणि आम्ही त्याचे भाडेकरू. अंगणातल्या खांबाला बांधला. कशाला आणला म्हणून विचारलं तर म्हणतो, "असू दे." आता विचार कर. सगळ्या गावाच्या तोंडाला कुलूप लावणाऱ्या माणसाने, ऐन मौनात, आपल्याच अंगणात ओरडणारं जनावर आणून बांधलं! तो पहाटेपासून ब्यां करतो. तो ब्यां करणार असं दिसलं की कारदारसाहेब रजईतून उठून धावतात आणि त्याच्या तोंडात काहीतरी कोंबतात. बोकड हुशार. दोन दिवसांत त्याला कळलं की तोंड उघडलं की खायला मिळतं. माझी वाळवलेली सलगमची पानं संपली. तुझ्यासाठी विणलेल्या मोज्यांतला एक संपला, त्यामुळे तुला एकच मोजा मिळेल, दुसरा बोकडात आहे. हरीशचा मनोरा संपला. गाव तर मजेत आहे. येता-जाता लोक खालच्या आवाजात टोमणे मारतात. "कारदारांच्या घरी कुणी गातंय वाटतं?" चुनीलालचा तर्क असा, की तुझं लग्न इटलीत ठरलंय आणि हा वऱ्हाडाचा बोकड आहे. मी म्हटलं, असेल, तुझ्यापेक्षा बरा दिसतो, त्यालाच वऱ्हाडी नेऊ.

चुनीलालवरून तो दिवस आठवला. तुला आठवतच असेल. मला आठवतो, आणि गावाला तर त्याशिवाय दुसरं काही आठवत नाही. चार वर्षांपूर्वीचा असाच माघ. देवदारांच्या वरून तू स्कीवर सुटलीस, चुनीलालच्या बांधावरून उडी घेतलीस, हवेत होतीस तेव्हाच तुझ्या तोंडून ती आरोळी निघाली. काय आरोळी होती! समोरच्या डोंगरावरून परत आली. चुनीलालच्या छपरावरचा सगळा बर्फ घसरला तो थेट चुनीलालवर. नुसता बर्फ पडला असता तर त्याने सोडून दिलं असतं, पण त्याच्या हातात ताजी चिलीम होती. त्याने तक्रार केली. आणि देवळाच्या पायरीवर सगळ्या गावासमोर, कुजबुजत, तुझ्या बापाने स्वतःच्याच घराला दंड लावला: एक बोकड. दुसरा कुठला कारदार असता तर म्हणाला असता, पोर आहे, सोडा. तू म्हणालीस, "देव तर स्वर्गात आहे. त्याला कुठे ऐकू आलं? ऐकू आलं ते तुम्हाला." आणि तो म्हणाला, "म्हणून तर मला इथे ठेवलंय." दोघंही एका मापाची. दुसऱ्या दिवशी तू स्की उचलून गुलमर्गच्या शिबिराला गेलीस, आणि तिकडून पुढे पुढेच जात राहिलीस.

तू गेल्यावर तो काय करतो, हे तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण तो कुणाला दिसू देत नाही. तुझं नाव काढत नाही, पण जेवताना एकदम म्हणतो, "ऑस्ट्रियात पाऊस लागलाय. बर्फ कच्चा असेल." गावात दुसऱ्या कुणाला ऑस्ट्रिया कुठे आहे हेसुद्धा माहीत नाही. तुझी शर्यत असली की तो लवकर जेवतो, डोकं दुखतं म्हणून फोन घेऊन रजईत शिरतो. आवाज बंद केलेला असतो. आम्ही दोघी बाहेर बसून रजईकडे बघतो. रजई वळणावर डावीकडे कलते, मग उजवीकडे. तू गेल्या वर्षी पडलीस ना, गुडघा गेला त्या दिवशी, ती रजई तशीच बराच वेळ हलली नाही. मग तो बाहेर आला आणि म्हणाला, "गाईला पाणी दाखवतो."

म्हणजे आता चित्र डोळ्यांसमोर आण. तू वरून सुटणार, खाली रेषेपाशी माणसांची भिंत उभी. कुणी घंटा वाजवतंय, कुणी भोंगे, सगळे गळा फाडून ओरडतायत. त्यांच्यात लाल पट्टीची टोपी घातलेला एक माणूस, ओठ घट्ट मिटलेला. कारण निघण्याआधी त्याने देवाला विचारलं होतं. देव जायच्या आदल्या दिवशीच्या शेवटच्या बैठकीत ते त्यांची वाणी बोलणाऱ्या गूर झाबेरामच्या अंगात आले, तेव्हा दादाने हात जोडून विचारलं, माघात मी समुद्रापार जाऊ का. झाबेराम थरथरला, केस मोकळे झाले, आणि देव म्हणाले, "जा. पण माझी माणसं जिथे उभी, तिथे माझी हद्द." झालं. दिल्लीच काय, इटलीसुद्धा हद्दीत आली. तू म्हणशील, आत्याने पत्र यासाठी लिहिलं, की बाबा गप्प दिसले तर रागावलेत असं समजू नकोस. नाही गं. एवढ्यासाठी मी माझा खोकला आणि माझा हात झिजवला नसता. तेवढं तू स्वतःच समजली असतीस, त्याचीच मुलगी आहेस.

पत्र लिहिलं ते यासाठी. त्या बैठकीत सगळे उठायला लागले, तेव्हा दादा पुन्हा पुढे सरकला. मी बायकांच्या रांगेत अगदी पुढे होते, दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. त्याने खाली बघून विचारलं, "आणि देवा, तिकडे कुणाच्या तोंडून एकदा आवाज गेलाच, तर?" देव हसले की झाबेराम, ते देवच जाणे. म्हणाले, "दंड तोच. जो लेकीला, तोच बापाला." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बोकड आला. कळलं ना? लहानपणी तू सफरचंदाच्या पेटीच्या फळ्या पायांना बांधून वरच्या उतारावर असायचीस, आणि जेवण तयार झालं की तो छपरावर चढून हाक मारायचा, तम्मीऽऽऽ होऽऽऽ! खालच्या गावात लोक चुली विझवायचे, म्हणायचे, कारदारांकडे पानं वाढली. आणि ती हाक ऐकली की तू असशील तिथे थांबायचीस, उतारावर मधेच फतकल मारायचीस, मग तो वर येऊन तुला खांद्यावर घेऊन यायचा. चार वर्षं कुणी ती हाक ऐकलेली नाही. म्हणून सांगतेय, मुली, नीट वाच. शेवटच्या वळणावर घंटा-भोंग्यांच्या वरून ती हाक आली, तर तुझे पाय आपोआप आडवे होतील. होऊ देऊ नकोस. जेवायला नाही बोलवत तो. थांबू नकोस, इकडेतिकडे बघू नकोस, तशीच सरळ खाली ये. या वेळी तो खालीच उभा आहे. आणि घराची काळजी करू नकोस. दंड अंगणात बांधलेला आहे, आणि आत्ता या क्षणी माझ्या डाव्या हाताची बाही खातोय.

एका बाहीची पण तुझीच,
खिमीआत्या